नर्गिस, बार्शी आणि एक लाख एकतीस हजार बायका: एका नावाचं पुढे काय झालं

सिनेनटीच्या समाजकार्यावर लिहायचं म्हटलं की ठरलेला साचा असतो, आधी सौंदर्य, मग पुरस्कार, मग "सामाजिक बांधिलकी" असा एक परिच्छेद आणि शेवटी फोटो, आणि नर्गिसबद्दल तर असले लेख ढिगाने आहेत. मला इथे फक्त एकाच गोष्टीचा पिच्छा करायचाय. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आगळगाव रोडला एक कॅन्सर हॉस्पिटल आहे, नाव नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. २००९ साली हे नाव अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या जगातल्या बहुतेक सगळ्यात वजनदार वैद्यकीय मासिकात छापून आलं, ते सिनेमामुळे नव्हे, धाराशिव जिल्ह्यातल्या (तेव्हाचा उस्मानाबाद) गावांमधल्या बायकांच्या तपासणीमुळे. एका हिरॉइनचं नाव तिथपर्यंत पोचलं कसं, आणि त्यात तिचं स्वतःचं किती आणि तिच्या नावावर इतरांनी केलेलं किती, हे जरा सोडवून बघू.

आधी तिचं आयुष्य, पटकन. जन्म १ जून १९२९, कलकत्त्याचा, खरं नाव फातिमा रशीद. आई जद्दनबाई, गाणारी, संगीत देणारी आणि स्वतः सिनेमे काढणारी बाई, म्हणजे घरात कर्ती बाईच. १९३५ मध्ये बेबी राणी नावाने ही पोरगी पडद्यावर आली, १९४३ ला चौदाव्या वर्षी मेहबूब खानच्या सिनेमात मोतीलालची हिरॉइन झाली. मग राज कपूरचा काळ, तो सगळ्यांना पाठ आहे, आर.के.चा लोगोसुद्धा त्या दोघांच्या एका पोझवरून घेतलेला, रशियात लोक वेडे झालेले वगैरे, त्यात मी शिरत नाही.

१९५७ चा मदर इंडिया मात्र सोडता येत नाही. गुजरातमधल्या उमरा गावात शूटिंग चाललेलं, गवताच्या गंजी पेटवल्या होत्या, वारा फिरला आणि नर्गिस आगीत अडकली. सुनील दत्तने आत घुसून बाहेर काढली, स्वतः भाजला. सिनेमात तो तिचा मुलगा, आणि प्रत्यक्षात दोघं एकाच महिन्यात जन्मलेले, ती १ जूनची, तो ६ जून १९२९ चा! ११ मार्च १९५८ ला लग्न झालं. त्याच वर्षी पद्मश्री, कार्लोव्ही व्हॅरीच्या फेस्टिव्हलमध्ये बेस्ट अ‍ॅक्ट्रेस, आणि सिनेमा ऑस्करच्या शेवटच्या पाचात. अशा टोकावर असताना बाईने जवळपास काम थांबवलं. नंतर एक रेंगाळलेला सिनेमा १९६७ ला लागला आणि त्याला बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचं पहिलंवहिलं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, पण तोवर ती तीन पोरांची आई होऊन पाली हिलला स्थिरावली होती.

आता समाजकार्य. तिच्या हयातीतली दोन कामं मला महत्त्वाची वाटतात आणि दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे, ती स्वतः तिथे हजर असायची.

एक म्हणजे अजंता आर्ट्सचा ताफा. नवरा-बायकोने सिनेमातले नट, गायक, विनोदी कलाकार गोळा करायचे आणि सीमेवरच्या जवानांपुढे कार्यक्रम करायचे, अगदी दूरच्या चौक्यांवर जाऊन. १९७१ ला बांगलादेश झाल्यावर ढाक्यात जाऊन कार्यक्रम करणाऱ्या पहिल्या लोकांत हेच. आता तुम्ही म्हणाल ही काय समाजसेवा, गाणीबजावणी तर आहे. पण बर्फात महिनोन्‌महिने एकटा असलेल्या पोराला समोर साक्षात नर्गिस उभी दिसणं म्हणजे काय असेल याचा विचार करा जरा.

दुसरं काम कमी झगझगीत आणि माझ्या मते जास्त मोठं. १९७२ ला मुंबईत मिठू अलुर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलांसाठी. त्यांची स्वतःची मुलगी तशी होती आणि तिला शाळाच नव्हती. तेव्हा अशा पोरांना घरात मागच्या खोलीत ठेवायची पद्धत, पाहुणे आले की दार लोटून घ्यायचं, "मागच्या जन्मीचं काहीतरी" म्हणून मोकळं व्हायचं. या संस्थेची पहिली पेट्रन, म्हणजे आश्रयदाती, नर्गिस झाली. त्या काळात एवढ्या मोठ्या नटीने या मुलांबरोबर उघडपणे दिसणं हीच अर्धी लढाई होती, कारण जी गोष्ट लोक लपवतात तिच्या बाजूला प्रसिद्ध माणूस उभा राहिला की लपवणाऱ्यालाच कसंतरी वाटायला लागतं. पैसा जमवणं, ओळखी वापरणं हे तर झालंच.

म्हणजे हयातीत तिची पद्धत ही अशी, आपला चेहरा आणि आपले पाय, दोन्ही वापरायचे.

आता एक प्रसंग जो तिच्या स्तुतिपर लेखांमध्ये हमखास गाळला जातो. १९८० ला ती राज्यसभेवर नियुक्त सदस्य म्हणून गेली आणि सत्यजित राय यांच्यावर टीका केली, की हे लोक भारताची गरिबी परदेशात नेऊन विकतात. नंतर मुलाखतीत विचारलं की मग दाखवायचा तो मॉडर्न भारत कुठला, तर उत्तर आलं, धरणं. भरपूर खिल्ली उडाली, आजही उडते. मला त्यात नेहमी गंमत वाटते की ज्या बाईला देशाची गरिबी पडद्यावर नको होती, तिचं नाव शेवटी जाऊन लागलं अशा हॉस्पिटलला, ज्याचं मुख्य काम म्हणजे दुष्काळी भागातली, कुठेच न नोंदलेली दुखणी कागदावर आणणं. असो.

ऑगस्ट १९८० मध्ये राज्यसभेच्या अधिवेशनातच ती आजारी पडली. आधी कावीळ वाटली, मग कळलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलला नेलं, महिने काढले तिथे, कोमात गेली, त्यातून बाहेर आली, परत आणली, आणि ३ मे १९८१ ला ब्रीच कँडीत गेली. वय ५१. मुलाचा पहिला सिनेमा त्याच आठवड्यात लागणार होता.

सुनील दत्तने पुढे तिच्या नावाने फाउंडेशन काढलं, अमेरिकेतल्या भारतीयांकडून पैसे उभे केले, भारतातल्या हॉस्पिटलांना कॅन्सरची यंत्रं मिळावीत म्हणून खटपट केली, कॅन्सरवरच एक सिनेमाही काढला. त्यामागचं कारण समजायला फार डोकं लागत नाही. बायकोला सर्वात चांगली ट्रीटमेंट परदेशात मिळाली, ती परवडली म्हणून मिळाली, आणि ते त्याने न्यूयॉर्कच्या वॉर्डात बसून रोज पाहिलं होतं.

आणि आता बार्शी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका, भगवंताचं देऊळ, धान्याचा मोठा बाजार, एकेकाळी बार्शी लाइट रेल्वे, आणि तालुक्याची वेस ओलांडली की मराठवाडा लागला. इथून परळचं टाटा हॉस्पिटल साडेतीनशे-चारशे किलोमीटर. शेतात राबणाऱ्या बाईला कॅन्सर झाला तर तिने एसटीने मुंबई गाठायची, टाटाच्या बाहेर फुटपाथवर मुक्काम करायचा, सोबत एक माणूस अडकणार, घरी जनावरं आणि पोरं कोण बघणार? त्यापेक्षा दुखणं अंगावर काढलेलं बरं. आणि बहुतेकजणी तेच करायच्या.

इथे अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी या संस्थेने हॉस्पिटल उभं केलं, नर्गिसचं नाव त्याला, डॉ. बी. एम. नेने त्याचे प्रमुख, आणि टाटा मेमोरियलशी जोड. आता नाव दिलेली हॉस्पिटलं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, फीत कापली, पाटी लागली, पाच वर्षांनी मशीन बंद. बार्शीत वेगळं काय झालं तर १९८७ ला तिथे कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली, देशातली ग्रामीण भागातली पहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं.

रजिस्ट्री म्हणजे काय तर कुणाला कुठला कॅन्सर झाला आणि पुढे त्या माणसाचं काय झालं याची वही. ऐकायला क्लार्कचं काम वाटतं. मुंबईत ते तुलनेने सोपं, मोठी हॉस्पिटलं, लॅब आणि पालिकेचं मृत्यूचं दप्तर धुंडाळलं की बऱ्यापैकी आकडा मिळतो. पण खेड्यात माणूस घरीच मरतो आणि कारण काय तर "पोटात गाठ होती" किंवा "वाळत वाळत गेला". म्हणजे हॉस्पिटलात बसून वही भरायची सोयच नाही. मग इथल्या लोकांनी उलटं केलं, कर्मचारी ठराविक काळाने गावोगाव जायचे, सरपंच, मास्तर, दाई, गावातला डॉक्टर, सगळ्यांशी ओळख ठेवायची, आणि नुसतं "कुणाला कॅन्सर आहे का" असं विचारायचं नाही (कोण सांगणार हो!) तर लक्षणं समजावून सांगायची. पाळी गेल्यावर परत अंगावरून लाल जायला लागलं तर ते साधं नाही, तोंडातली जखम महिनाभर भरत नसेल तर ते साधं नाही, असं. संशयित सापडला तर बार्शीला तपासायला आणायचा.

याचा परिणाम असा झाला की आकडे गोळा करता करता आकडेच बदलले. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात यायला लागल्या, म्हणजे उपचाराला काही अर्थ असतो तेव्हा. कुठलंही भारी मशीन न आणता, फक्त माणसं चालत जाऊन आणि बोलून. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात ग्रेट भाग हाच आहे, पुढची ट्रायल, म्हणजे कुठली तपासणी चालते हे ताडून बघणारा मोठा प्रयोग, याच्यावरच उभी राहिली, कारण गावातली बाई ओळखीच्या माणसाशिवाय असली आतली तपासणी करून घेईल हे विसरा.

तर ट्रायल. ऑक्टोबर १९९९ ला सुरू झाली. प्रश्न साधा होता: गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर पकडायचे तीन मार्ग आहेत, गरीब ग्रामीण भागात त्यातला कुठला खरोखर जीव वाचवतो? पहिला मार्ग पॅप स्मिअर, म्हणजे पेशी खरवडून काचेवर घ्यायच्या आणि मायक्रोस्कोपखाली तरबेज माणसाने बघायच्या. दुसरा म्हणजे ४ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, थोडक्यात व्हिनेगर, मुखावर लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि डोळ्यांनी बघायचं, बिघडलेल्या जागी पांढरा डाग उठतो, ट्रेनिंग घेतलेली आरोग्य सेविका हे करू शकते, स्वस्तात मस्त. तिसरा एचपीव्ही टेस्ट, म्हणजे ज्या व्हायरसमुळे हा कॅन्सर होतो तोच आहे का ते लॅबमध्ये शोधायचं, नेमकी पण महाग.

१,३१,७४६ बायका, वय ३० ते ५९, गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटले. तीन भागांत तीन टेस्ट, प्रत्येकीची एकदाच, आणि चौथ्या भागात टेस्ट नाही, फक्त नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती. बार्शीचं हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियॉंची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, तिथले डॉ. शंकरनारायणन मुख्य, पैसा गेट्स फाउंडेशनचा. ज्यांना टेस्टला बोलावलं त्यांतल्या शंभरातल्या ऐंशीच्या आसपास बायका आल्या. हे वाक्य लिहायला सोपंय, पण तिकडच्या एखाद्या गावातली चाळिशीची बाई, सासू घरात, नवरा विचारणार कशाला जायचं, काही होत नसताना कपडे सोडून टेबलावर झोपायचं, आणि तरी ऐंशी टक्के! शहरातल्या हाउसिंग सोसायटीत कॅम्प लावून बघा किती येतात.

आठ वर्षं मागोवा घेतला. एचपीव्ही टेस्टवाल्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांत या कॅन्सरने ३४ मृत्यू. टेस्ट न झालेल्या गटात ३१,४८८ बायका, मृत्यू ६४. पुढच्या टप्प्यातले कॅन्सर ३९ विरुद्ध ८२. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या टेस्टने मरण जवळपास अर्ध्यावर आलं. पॅप स्मिअर आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र सांगण्यासारखा फरक दिसला नाही. आणि मला सगळ्यात भिडलेला आकडा वेगळाच आहे, ज्यांची एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह आली त्यांच्यात पुढे हा कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला लाखात ३.७, आणि पॅप किंवा व्हिनेगर टेस्ट निगेटिव्ह आलेल्यांमध्ये साडेपंधरा-सोळा. म्हणजे व्हिनेगरवाल्या बाईला "तुला काही नाही, जा" म्हणून घरी पाठवलं तर ते वाक्य चौपट कच्चं होतं.

इथे लगेच व्हिनेगर टेस्ट फेकून द्या असं म्हणू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या ट्रायलमध्ये व्हिनेगर टेस्टने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, पण तिथे ती दर दोन वर्षांनी परत परत केली होती. एकदाच संधी मिळणार असेल तर एचपीव्ही, वारंवार पोचता येत असेल तर व्हिनेगरही कामाचं, असं साधारण.

आता कडू भाग. तो चौथा गट. टीका झाली आणि ती हवेतली नव्हती: तपासणीने हा कॅन्सर रोखता येतो हे श्रीमंत देशांत आधीच सिद्ध झालेलं असताना ३१ हजार बायकांना टेस्ट न देता आठ वर्षं बघत बसणं कसं चालतं? अमेरिकेत असं करू दिलं असतं का? दुसरी बाजू म्हणते की त्या जिल्ह्यात तेव्हा कुठलीच तपासणी योजना नव्हती, म्हणजे कुणाच्या ताटातलं काढून घेतलेलं नाही, आणि एकदाच केलेली टेस्ट इथल्या परिस्थितीत चालते का हे खरंच कुणाला माहीत नव्हतं. दोन्ही वाचून माझं मत असं झालंय की शास्त्राच्या हिशोबात ट्रायल चोख आहे आणि त्या ६४ जणींपुढे तो हिशोब अपुरा आहे. "नेहमीची आरोग्यसेवा" हा शब्द तिथे वापरलाय, पण जिथे नेहमीची सेवा म्हणजे शून्य, तिथे तो शब्द जरा जास्तच सभ्य होतो. तरी या बायकांशिवाय जगाला उत्तर मिळालं नसतं हेही खरंच, आणि त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

यात एक उपकथा, शेजारच्याच बीडची. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या तिशी-पस्तिशीत काढल्याचं प्रकरण २०१९ ला गाजलं. कितीतरी जणींना काय सांगितलं होतं, तर "पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल". एका बाजूला बार्शीची माणसं तीस वर्षं गावोगाव सांगतायत की अंगावरून जाणं तपासून घ्या, आणि त्याच पट्ट्यात त्याच भीतीचा धंदा होतोय. कॅन्सरची जागृती ही अशी दुधारी असते, नुसतं घाबरवून सोडलं आणि शेजारी विश्वासाची तपासणी नसेल तर बाई सरळ कुणाच्या तरी ऑपरेशन टेबलवर जाते.

नर्गिसला झालेला स्वादुपिंडाचा कॅन्सर मात्र आजही सरसकट तपासणीने पकडता येत नाही. तिच्या नावाच्या हॉस्पिटलने जे सिद्ध केलं ते तिला वाचवू शकलं नसतं. त्यामुळे "तिच्या मरणाने इतरांना जीवदान" वगैरे जे लिहितात ते मला पटत नाही, इतकी सरळ रेघ नाहीये ही. तिच्या हयातीतल्या कामात ती स्वतः होती. नंतरच्या कामात आधी सुनील दत्तचं दुःख आणि त्याची पैसे उभे करायची ताकद होती, आणि बार्शीत तर नेने आणि त्यांची गावोगाव फिरणारी माणसं होती. नावाने काय केलं असेल तर दार उघडलं असेल थोडं, देणगीदाराचं आणि कदाचित एखाद्या गावातलंही, कारण मदर इंडिया न पाहिलेली म्हातारी त्या पिढीत सापडणं मुश्किल.

नावाचं म्हणाल तर राष्ट्रीय एकात्मतेवरच्या सिनेमाला दिला जाणारा नर्गिस दत्त पुरस्कार होता ना, २०२४ ला नियम बदलले आणि तिचं नाव त्यातून गेलं. बरीच ओरड झाली दोन दिवस. बार्शीतली पाटी आहे तिथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही टेस्टलाच पहिली पसंती दिली, नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालेल असंही सांगितलं, म्हणजे टेबलावर झोपायची लाजही वाचली. आपल्या सरकारी कार्यक्रमात मात्र अजून मुख्य भर व्हिनेगरवरच, कारण खर्च. पुण्याच्या सीरम कंपनीची एचपीव्हीवरची लस २०२३ पासून बाजारात आहे, पण ती ९ ते २६ वयासाठी, आज चाळिशीत असलेल्या बाईला तपासणीच हवी. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या किती, तर १.९ टक्के. बार्शीच्या माणसांनी ऐंशी टक्के आणल्या होत्या, तेही नव्या शतकाच्या तोंडावर, खेड्यात मोबाइल फारसे नसताना.